मुंगी कुणाकडे?

मी एक जुना लाकडी कठडा आहे. मला चार बाजू आहेत, तीन कोपऱ्यांना बिजागऱ्या आहेत आणि चौथ्या कोपऱ्याला एक लोखंडी आकडा. उभा केला की माझा चौकोन होतो, घडी केली की मी भिंतीला टेकून राहतो. रांगतं बाळ अंगणात मोकळेपणी खेळावं, पण कुठे पडू नये, भलतंसलतं तोंडात घालू नये, एवढ्यासाठी मला केलं. मित्रांनो, तुम्ही जवळून पाहिलंत तर माझ्या वरच्या पट्टीवर बारीक खड्डे दिसतील. ती वाळवी नव्हे. ते दातांचे ठसे आहेत, आणि त्या दातांची मालकीण म्हणजे मुंगी.

मुंगीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणी वापरलंच नाही. ती रांगायला लागली आणि तिच्या आजोबांनी, घरात सगळे ज्यांना नाना म्हणत त्यांनी, पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "ही पोर नव्हे, मुंगी आहे. कुठं काय सांडलंय ते हिला आपल्या आधी कळतं." झालं, तेच नाव पडलं.

हे घर रोपांच्या नर्सरीचं. पुढे रस्त्याला लागून दोन खोल्या आणि मागे मोठं अंगण, त्यात कुंड्यांच्या रांगा, मातीचे ढीग, वर हिरवी जाळी. मुंगीचे बाबा आणि काका टेम्पोतून रोपं पोचवायला जात. आई आणि काकू मागे राहून माती कालवत, पिशव्या भरत, पाणी घालत. काकू घरातली थोरली सून, आई तिला ताई म्हणे; तिचा आवाज मोठा आणि पायाला भिंगरी. आई अबोल, पण कामाला वाघ. मी येण्याआधी आईच्या एका कडेवर मुंगी असे आणि दुसऱ्या हातात झारी. खाली ठेवली की मुंगी निघालीच. एकदा तिच्या गालात खडा सापडला, एकदा कुंडीची खापरी. आणि एक दिवस तिच्या मुठीत खताचे निळे दाणे निघाले. तोंडात गेले नव्हते, पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. त्या संध्याकाळी नानांनी माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी उतरवली.

नाना सुतार. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं. बाबा आणि काका लहानपणी ज्या पलंगावर भांडत भांडत झोपायचे, तो पलंग त्यांनी मोडायला घेतला. त्याच्या पट्ट्यांतून मी जन्मलो. रंधा मारताना नानांचा हात कापे, मग ते थांबत, श्वास घेत आणि पुन्हा सुरू करत. मुंगी झोपलेली असताना त्यांनी हळूच तिच्या डोक्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं.

"टोपी करताय की कठडा?" काकूने विचारलं.

"दोन गजांमधून हिचं डोकं जाता कामा नये," नाना म्हणाले. "डोकं जाऊन अडकलं तर तो कठडा नाही, सापळा."

"मग रंग तरी निळा द्या. छान दिसेल."

"रंग खाईल ती. लाकूड खाल्लेलं चालेल मला."

म्हणून मला रंग नाही. माझे कोपरे गोल केले, प्रत्येक गजावरून पॉलिश पेपर फिरवला. शेवटी नानांनी स्वतःचा गाल माझ्या पट्टीवरून घासून पाहिला. कुठे कुसळ टोचत नाही याची खात्री झाली, तेव्हाच त्यांनी माझा आकडा बसवला.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. रोज सकाळी आई माझ्यासाठी जागा झाडून घेई. खडे, तारांचे तुकडे, फाटक्या पिशव्यांच्या चिंध्या, सगळं वेचून काढी. कुठे मुंग्यांची ओळ लागली आहे का ते बघे. तळहात जमिनीला लावून ती तापली आहे का ते बघे. मग चटई अंथरून मला उभा करी आणि मुंगीला माझ्या पोटात ठेवी. तिच्याबरोबर एक लाकडी पळी, एक वाटी आणि ओल्या फडक्याची मोठी गाठ असे. एवढ्या ऐवजावर मुंगी राज्य करायची. वाटी वाजवायची, गाठ चोखायची, माझ्या गजांतून हात बाहेर काढून मातीचं ढेकूळ ओढायची. बाजूलाच आई पिशव्या भरता भरता एकसारखी तिच्याशी बोलत राही. इतर कुणाशी चार शब्द न बोलणारी बाई मुंगीला सगळं सांगायची. "आता गुलाबाला जेवायला वाढलं. आता जास्वंदीची पाळी. ती रुसलीये बघ."

ऊन सरकलं की सावली सरके आणि सावलीबरोबर मला सरकवावं लागे. काकू मुंगीला उचलून घेई, आई आकडा काढून मला ओढी, मग मुंगी पुन्हा आत आणि आकडा पुन्हा जागेवर. आकडा बसला की टक् असा आवाज होई. मला तो फार आवडायचा.

रोपं घ्यायला येणारी माणसं माझ्यापाशी थांबत. "असा कठडा कुठं मिळतो हो?" असं विचारत.

"मिळत नाही," नाना ऐटीत सांगत. "त्यासाठी नातवंड व्हावं लागतं."

मुंगीची एक खोड मात्र तुम्हाला सांगायला हवी. कुणी आपला पाठलाग केलेला तिला फार आवडे. संध्याकाळी घरात बाबा तिच्यामागे गुडघ्यांवर धावत, तेव्हा ती खिदळत दुप्पट वेगाने पुढे पळे. भिंत लागेपर्यंत थांबत नसे. सगळे हसत. त्यात भिण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अंगणाच्या टोकाला पाण्याचा हौद होता. जमिनीतच खणलेला, काठ वीतभर उंच, त्यावर फळ्यांचं झाकण. माझ्या आणि हौदाच्या मध्ये मोठ्या झुडपांच्या कुंड्या दाटीने उभ्या असत, जणू दुसरी भिंतच. त्या असेपर्यंत हौद कुणाच्या डोळ्यासमोर येत नसे.

त्या दिवशी एका मोठ्या बागेसाठी रोपं न्यायला ट्रक आला. बाबा आणि काका आधीच टेम्पो घेऊन गेले होते. ऊन रणरणत होतं, रोपं सुकायच्या आत भरायची म्हणून घाई चालली होती. आई आणि काकू वाकून कुंड्या उचलत होत्या, ट्रकवाला वर चढून त्या रचत होता. सगळ्यांत आधी गेल्या त्या मोठ्या झुडपांच्या कुंड्या. मला एकाएकी पलीकडचं सगळं दिसू लागलं. ओली वाट दिसली. हौद दिसला. नळी आत सोडायची म्हणून झाकणाची एक फळी बाजूला काढली होती, आणि त्या फटीत पाणी चमकत होतं.

सावली सरकली होती. काकूने मुंगीला काखेत धरलं, एका हाताने आकडा काढला आणि मला ओढून सावलीत नेलं. मुंगीला चटईवर ठेवलं. तेवढ्यात ट्रकवाला ओरडला, "ओ ताई, रांग कलंडतेय, हात लावा." काकू तशीच धावली. तिला वाटलं, धाकटी इथेच आहे, ती लावेल आकडा. आई दोन हात अंतरावर पाठ करून पिशव्या बांधत होती. तिला वाटलं, ताई मुंगीजवळ बसल्या आहेत. मग तीही एक मोठी कुंडी उचलून पुढे गेली.

माझा आकडा लोंबत राहिला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हात नाहीत, तोंड नाही. मुंगी माझा गज धरून उभी राहिली, तेव्हा माझी चौथी बाजू हलली. तिलाही ते जाणवलं. तिने पुन्हा ढकललं. बिजागरी कुरकुरली, फट पडली. मी मनातल्या मनात त्या बिजागरीची विनवणी केली, की गंजून जा, अडकून बस, एवढा एकदा हट्टीपणा कर. पण नानांनी आदल्याच रविवारी तिला तेल घातलं होतं. बाजू अलगद उघडली. मुंगीने पळी उचलली, जरा विचार केला, पळी टाकली आणि ती बाहेर पडली.

ती सरळ चमकणाऱ्या पाण्याकडे निघाली. मधेच थांबून तिने एक वाळकं पान उचललं. मला वाटलं, आता ती बसेल, पान खाईल, कुणीतरी वळून बघेल. तिने पान टाकलं आणि पुढे गेली. ट्रकचं इंजिन घरघरत होतं. काकू मागच्या दाराशी उभी राहून मोठ्याने हिशेब सांगत होती, इतके गुलाब, इतक्या जाई. आईच्या डोक्यावरून घाम निथळत होता. एकीनेही मागे पाहिलं नाही, कारण दोघींनाही वाटत होतं की दुसरीने पाहिलं आहे.

नाना चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"मुंगी कुणाकडं आहे?" त्यांनी साध्या आवाजात विचारलं.

"ताईंकडं," आई म्हणाली.

"माझ्याकडं?" काकू वळली. "मी तर तुझ्यापाशी ठेवली."

इंजिन चालू होतं, पण ते कुणाला ऐकू येत नव्हतं. आईच्या हातातली कुंडी खाली पडून फुटली. तिने माझ्याकडे पाहिलं, लोंबत्या आकड्याकडे पाहिलं, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेतून हौदाकडे पाहिलं.

मुंगी काठावर होती. पोट काठाला टेकलेलं, एक हात आत, आणि तळहाताने ती पाणी बडवत होती. काठावर शेवाळं होतं.

काकूने हाक मारायला तोंड उघडलं. नानांनी पटकन तिच्या तोंडावर हात दाबला. चहा तिच्या पदरावर सांडला, तरी ती हलली नाही. आई धावत सुटली आणि चार पावलांवर जागच्या जागी थांबली. मुंगीने आवाज ऐकून मान वळवली होती. आईला पाहून ती हसली होती. आणि हसत हसत तिने दुसराही गुडघा काठावर चढवला होता.

ती समजली होती की खेळ सुरू झाला. आई मागे येणार, आपण पुढे पळायचं.

आई हौदापासून इतकी लांब होती, की झेप घेऊनही हात पोचला नसता. पुढे एक पाऊल टाकलं तर मुंगी पाण्यात जाणार. न टाकावं तर शेवाळावरून घसरून तशीही जाणार. मी आईचे हात पाहिले. ते नुसते उघडत होते, मिटत होते. मग ती हळूहळू खाली बसली. गुडघे टेकले, हात टेकले. आणि तिने मुंगीकडे चक्क पाठ फिरवली.

हे बघायला मला फार जड गेलं. पोर पाण्याच्या तोंडाशी आणि आई तोंड फिरवून दुसरीकडे. आई रांगू लागली. मुंगीपासून लांब, माझ्या दिशेने, खडीवरून, फुटलेल्या कुंडीच्या खापऱ्यांवरून. तोंडाने ती नेहमीसारखं बोलत होती, फक्त आवाज फाटला होता. "मी चालले हं. मुंगीबाई काही मला पकडत नाहीत. मी चालले गुलाबाकडं. कुणी येतंय का मागं? कुणीच नाही वाटतं." तिचा चेहरा माझ्याकडे होता, म्हणून तो फक्त मलाच दिसत होता. त्या चेहऱ्याबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही.

मुंगी गोंधळली. पाण्यावरचा तिचा हात थांबला. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. तिचा गुडघा घसरला आणि ती छातीवर आपटली, तोंड पाण्यापासून वीतभर. ट्रकवाल्याने वर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. आईला मागचं दिसत नव्हतं, आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. तरीही ती वळली नाही. "मी चालले," ती म्हणाली, "मी चालले."

मग मागून एक हुंकार आला. मुंगी काठावरून अंगणाच्या बाजूला उतरली होती. ती आईच्या मागे निघाली, आधी हळू, मग भराभर, खिदळत. ती काठापासून पुरेशी दूर आली तेव्हा नाना बाजूने पुढे झाले आणि त्यांनी तिला उचललं. त्यांचे थरथरणारे हात त्या वेळी अगदी स्थिर होते.

"आली," ते म्हणाले. "सूनबाई, माझ्याकडं आहे."

आई उठली नाही. ती माझ्या चटईवर आडवी पडली. तिच्या गुडघ्यांतून आणि तळव्यांतून रक्त येत होतं, आणि मुंगी नानांच्या कडेवरून हात पसरून खेळ पुढे चालू ठेवा म्हणून रडत होती.

मित्रांनो, बाळ वाचलं म्हणजे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. नानांनी त्याच दिवशी हौदावर जाड लोखंडी जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप लावलं. काकू रडून रडून सांगत होती की माझीच चूक. आई म्हणाली, "तुमची नाही. माझी." त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आईने माझी घडी केली आणि मला शेडच्या मागे, ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं. "आता ती बाहेर येणार नाही," ती बाबांना म्हणाली. "चालायला लागेपर्यंत नाही. मोठी होईपर्यंत नाही." बाबा समजूत घालत राहिले. तिने दार लावून घेतलं.

शेडच्या मागून मला त्या खोलीची खिडकी आणि तिच्या काचेतून आतलं अंधुक दिसे. आईने जुन्या चादरीची लांब पट्टी फाडली, एक टोक मुंगीच्या कमरेला आणि दुसरं पलंगाच्या पायाला बांधलं. खिडकी बंद, दार बंद. काम करता करता ती पुनःपुन्हा आत येऊन बघे, श्वास चालू आहे का बघे. रात्री झोपत नसे. मुंगी पहिले काही दिवस पट्टी ओढून ओढून रडली. दाराकडे हात करून रडली. मी ओल्या भिंतीशी कुजत ते ऐकत राहिलो. माझ्या पायांना बुरशी धरली, एका गजात खरोखरच वाळवी शिरली. मला त्याचं दुःख नव्हतं. पोर माझ्यात असताना कधी इतकी रडली नव्हती, एवढंच मनात येई.

मग रडणं बंद झालं. आईला वाटलं, सवय झाली. मला मात्र रडण्यापेक्षा त्या शांततेचीच भीती वाटू लागली. मुंगी दिवसभर पलंगाच्या पायाशी बसून राही. समोर पळी-वाटी असे. ती वाजवत नसे.

एका सकाळी नाना त्या खोलीत गेले. त्यांनी खिडकी उघडली, म्हणून मला सगळं स्पष्ट दिसलं. त्यांनी मुंगीच्या कमरेची गाठ सोडली, दार सताड उघडलं आणि ते उंबऱ्यावर जाऊन बसले. "ये," ते म्हणाले. "ये, मुंगे."

आई धावत आली. "नाना, बांधा तिला."

"थांब जरा. नुसतं बघ."

मुंगी निघाली. दोन-तीनदा गुडघे पुढे टाकले. पट्टी जिथे संपायची तिथपर्यंत आली आणि थांबली. कमरेला काहीही नव्हतं. पुढे दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं, नाना हात पसरून बसले होते. ती तिथेच बसली. तिने वळून पलंगाच्या पायाकडे पाहिलं आणि ती तशीच परत गेली.

आई भिंतीला टेकून खाली बसली. ती म्हणाली, "मी काय करू, नाना? बाहेर सोडली तर पाणी आहे. आत ठेवली तर हे आहे. मी काय करू?"

"हौदाला जाळी लागलीये," नाना म्हणाले. "ते माझं काम होतं, झालं. पण जाळी काय आणि कठडा काय, ही लाकडं-लोखंडं आहेत. त्यांना डोळे नाहीत. डोळे आपणच लावायचे. तुला एकटीला नाही जमायचं ते. कुणालाच एकट्याला जमत नाही."

दुपारी आई शेडच्या मागे आली. तिने मला उचललं, फडक्याने बुरशी पुसली. वाळवी लागलेला गज नानांनी काढला आणि नवा बसवला. आईने जागा झाडली, जमिनीला तळहात लावून पाहिला. मग ती काकूकडे गेली. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

"ताई, आपण एक करू. मुंगीला घेतलं की घेणारीनं तोंडानं म्हणायचं, मुंगी माझ्याकडं. देणारीनं ते ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. ट्रक कलंडला तरी चालेल."

काकू डोळे पुसत म्हणाली, "मी तर दोनदा म्हणेन."

आईने मुंगीला माझ्यात ठेवलं. मुंगी चटईच्या मधोमध बसून राहिली. हलली नाही. तेव्हा आईने पाय उचलला आणि ती स्वतः आत आली. मी एका बाळासाठी केलेला कठडा, आईला बसायला गुडघे पोटाशी घ्यावे लागले. झारी बाहेर पडून होती, पिशव्या तशाच होत्या. त्या दिवशी तिने कशालाच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती फक्त बोलत होती, आधी अडखळत, मग पूर्वीसारखी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुंगीने माझ्या गजातून बोट बाहेर काढलं आणि मातीला लावलं. मग पूर्ण हात घातला. मग माझी पट्टी धरून उभी राहिली आणि तिने ती कचकन चावली. माझ्या अंगावरचा सगळ्यांत खोल ठसा तो आहे. आई रडत होती, म्हणून तिला तो दिसला नाही.

आता मुंगी तुमच्याएवढी झाली आहे. मी पुन्हा भिंतीला टेकलेला आहे, पण कोरड्या भिंतीला. शेजारपाजारी कुठे बाळ रांगू लागलं की मला घेऊन जातात. नवी घरं, नवी अंगणं, आणि प्रत्येक ठिकाणी मला आत एकच धाकधूक असते. मला उभा केलं की माणसांना वाटतं, आता काळजी मिटली. मित्रांनो, ती मिटत नाही. मी फार तर थोडा वेळ देऊ शकतो, माणूस वळून बघेपर्यंतचा. कुणीतरी वळून बघायला मात्र हवं.

तुमच्या घरात धाकटं भावंड असेल. कधीतरी मोठी माणसं घाईत म्हणतील, "जरा बघ हं बाळाकडं." तेव्हा नुसती मान हलवू नका. हातातलं खाली ठेवा, त्याच्या चटईवर जाऊन बसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, की बाळ माझ्याकडं आहे. मला ते म्हणता येत नाही. त्या दुपारी तेवढंच मला म्हणता आलं असतं, तर बाकी काही लागलं नसतं.